कुळागरात चालणारा पाय : एका एएफओच्या प्रकल्प नोंदी

माझा मामा गोव्यातल्या सावईवेरे गावात राहतो. वय ६४, वजन ६२ किलो. दोन वर्षांपूर्वी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाच्या कडेवरून घसरला, उजव्या गुडघ्याखालचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मोडलं आणि त्या हाडाला वळसा घालून जाणारी नस दुखावली. हाड जुळलं, नस परत आली नाही. पाऊल वर उचलता येत नाही, चवडा लोंबतो. डॉक्टरांच्या भाषेत फूट ड्रॉप. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या वरच्या बाजूला स्पर्शही नीट कळत नाही.

मी कुंडईला प्लास्टिकचे ट्रे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात साचे करते. तापवलेली शीट साच्यावर घालून व्हॅक्यूमने ओढायची, हे रोजचं काम. एएफओ, म्हणजे पोटरीच्या मागून तळपायाखाली जाणारा प्लास्टिकचा आधार, तसाच बनतो. म्हणून हे करायला घेतलं. पायाचं माप आणि प्रत्येक फिटिंग एका नोंदणीकृत ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे आधार बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञ, ताईंच्या देखरेखीखाली झालं. त्यांच्याशिवाय हे करू नका. का, ते ७ जुलैच्या नोंदीत आहे.

९ जून

दुकानातून आणलेलं तयार स्प्लिंट, म्हणजे असाच तयार आधार, आज मोडलं. १,६०० रुपयांचं, सात महिने टिकलं. तुकडे घरी आणून भिंगाखाली पाहिले. घोट्यामागे जिथं ते सर्वांत अरुंद आहे तिथं आतल्या कडेवर करवतीचे दाते तसेच राहिलेले आहेत. चीर त्यातल्याच एका दात्यापासून सुरू झाली. समोरच्या कडेला पांढुरका पट्टा आहे. पॉलिप्रॉपिलीन वाकून वाकून थकलं की आधी असं पांढरं पडतं, मग तुटतं. मामाने तो पट्टा महिनाभरापूर्वीच पाहिला होता. त्याला वाटलं चुना लागलाय.

१६ जून

काही बनवण्याआधी आजची स्थिती मोजून ठेवली. ओसरीत १० मीटर अंतर, दोन्ही टोकांना २ मीटर जास्तीचे, म्हणजे वेग घेताना आणि थांबताना जाणारा वेळ मोजला जात नाही. आधाराशिवाय तीन फेऱ्यांची सरासरी १५.२ सेकंद. दुसरं माप कुळागरातलं: विहिरीपासून बांधापर्यंत ६० पावलं, त्यात चवडा किती वेळा घासतो. चपलेच्या टोकाला ओला चुना लावला, जिथं घासेल तिथं पांढरा डाग पडेल म्हणून. पाऊस आला आणि सगळे डाग धुऊन गेले. मग मामीने मागून मोबाइलवर चित्रण केलं आणि आम्ही ते हळू चालवून मोजलं: ११ वेळा.

सपाट जमिनीवर चालताना धडधाकट माणसाच्या पायाचं बोटही जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वरून जातं. कुळागरात जांभ्याचे दगड, पोफळीची मुळं आणि पाटाच्या कडा याहून उंच असतात.

ताईंनी आजच पायाचं प्लास्टर घेतलं. आधी स्टॉकिनेट, म्हणजे पातळ विणलेला मोजा, त्यावर खुणेच्या पेन्सिलीने हाडांचे उंचवटे: दोन्ही घोटे, तळव्याच्या कमानीवरचं हाड, करंगळीच्या बाजूचा उंचवटा आणि गुडघ्याखाली त्या बारीक हाडाचं डोकं. ताईंनी विचारलं, "बूट कोणते घालतात?" मी सांगितलं, कॅनव्हासचे आहेत. त्या बुटाची टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच, म्हणून टाचेखाली तेवढा ठोकळा ठेवून माप घेतलं. माझं हे उत्तर चुकीचं होतं, पण ते कळायला तीन आठवडे गेले.

२३ जून

नेगेटिव्हमध्ये, म्हणजे पायावरून काढलेल्या पोकळ साच्यात, प्लास्टर ओतून पॉझिटिव्ह, म्हणजे पायाचा भरीव साचा, बनवला, घोट्यांवर ५ मिमी प्लास्टर चढवलं, घासून गुळगुळीत केला. आज शीट ओढली. ४ मिमीची पॉलिप्रॉपिलीन शीट १९० अंशांच्या आसपास दुधाळपणा सोडून काचेसारखी पारदर्शक होते, तेव्हा ती तयार. भट्टीतून काढली, पॉझिटिव्हवर गुंडाळली, व्हॅक्यूम सुरू केला. दहा सेकंदांत टाचेवर आणि घोट्यामागे फोड उठले. प्लास्टर आतून ओलं होतं. गरम शीट टेकताच वाफ झाली आणि शीट उचलली गेली. ८५० रुपयांचा तुकडा वाया.

कारखान्यात आमचे साचे ॲल्युमिनियमचे. साचा ओला असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. सहा दिवस घरात ठेवला होता, पण गोव्याच्या जूनमध्ये सहा दिवसांत रुमालही वाळत नाही.

२६ जून

वाड्यावरच्या पदेराला, म्हणजे पाव भाजणाऱ्याला, विचारलं. पहाटेचे पाव आणि उंडे निघाले की त्याची भट्टी दिवसभर निवत असते. त्याने लगेच हो म्हटलं. काल दुपारी बारा वाजता ठेवला तो घाईचा निर्णय होता: संध्याकाळी काढला तर वरचा थर बोटाला पिठासारखा लागत होता. प्लास्टर घट्ट होताना जे पाणी धरून ठेवतं तेही जास्त उष्णतेने निघून जातं आणि मग ते भुसभुशीत होतं. टाचेचा भाग पुन्हा भरावा लागला.

आजपासून थर्मामीटर घेऊन जाते. भट्टी ५० अंशांपर्यंत उतरली की पॉझिटिव्ह आत, पहाटे तीनला तो पुन्हा पेटवायच्या आधी बाहेर. रोज वजन करायचं, घटायचं थांबलं की झालं.

३० जून

५.२ किलोवरून ४.१ वर येऊन वजन स्थिरावलं. शीट नीट बसली, एकही फोड नाही. थंड व्हायला रात्रभर पॉझिटिव्हवरच ठेवली, घाईने काढली तर ती उघडत जाते.

कापल्यावर जाडी मोजली: पोटरीवर ३.४ मिमी, टाचेवर २.६. ओढताना शीट टाचेशी सर्वांत जास्त ताणली जाते आणि तिथंच सर्वांत जास्त मार बसतो. पुढच्या वेळी शीटचा मधला भाग थोडा आधी टेकवायचा. कडा आधी खरवडून मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासल्या. याला दोन तास लागले आणि त्यातलं एक मिनिटही मला जास्त वाटत नाही.

७ जुलै

पहिलं फिटिंग. पाऊस इतका की सावईला पोचायलाच दोन तास.

वीस मिनिटं घालून काढलं. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या कडेखाली, लाल वळ. ताईंनी घड्याळ लावलं. अर्ध्या तासानेही वळ गेला नाही. कड मोडलेल्या हाडाच्या डोक्यालाच टेकत होती, म्हणजे आधीच दुखावलेली नस जिथं कातडीच्या अगदी खाली असते तिथं. ट्रेची कड जरा वर ठेवली की तो ताठ राहतो, त्या सवयीने मी ताईंच्या खुणेपेक्षा कड वर ठेवली होती. मामाला तिथं कळत नाही, त्यामुळे त्याने तक्रार केलीच नसती. ताई नसत्या तर महिन्याभरात तिथं जखम झाली असती, नसेचं आणखी काय झालं असतं ते वेगळंच. कड तिथंच २५ मिमी खाली कापली. सर्वांसाठी नियम: पहिल्या आठवड्यात दर वीस मिनिटांनी काढून कातडी पाहायची. ज्याच्या पायाला संवेदना कमी आहे त्याच्या "काही होत नाही" यावर विसंबायचं नाही.

मग मामा अंगणात उतरला, नेहमीच्या रबरी चपला घालून. अंगठ्याचा पट्टा एएफओच्या तळपायाखालच्या तळपट्टीत अडकतोय म्हणून नुसती टाच टेकवून. बूट समोर होते. मी म्हटलं, बूट घाल. तो म्हणाला, "बाय, कुळागरात बूट कोण घालतो? पाण्यात भरतात, चिखलात रुततात."

दोन तक्रारी केल्या. उभं राहिलं की गुडघा कुणीतरी मागं ओढतंय असं वाटतं. आणि पायऱ्या उतरताना तोच गुडघा एकदम पुढं जातो. एक मागं, एक पुढं. रात्रभर मला काही सुचेना.

१४ जुलै

दोन तक्रारींची दोन कारणं असावीत असं धरून एकेक बदललं.

चपलेच्या टाचेवर १० मिमीची रबराची पाचर ठेवली. उभं राहतानाची ओढ लगेच गेली. म्हणजे पहिलं कारण माझं १६ जूनचं उत्तर. बुटाच्या टाचेसाठी घोट्याचा कोन बांधलेला आणि मामा उभा सपाट चपलेवर. टाच ते चवडा १५ सेंमी धरले तर १० मिमीच्या फरकाने नडगी जवळजवळ ४ अंश मागं झुकते. ऐकायला थोडं, पण गुडघ्याला ते दिवसभर सोसावं लागतं.

पायऱ्यांवरचा झटका पाचरीने गेला नाही. ते कारण ताठरपणा. टाच टेकल्यावर पाऊल हळूहळू खाली जायला हवं. एएफओ फार ताठ असेल तर पाऊल खाली जात नाही, त्याऐवजी नडगी पुढं ढकलली जाते. उतारावर ते आणखी जाणवतं.

ताठरपणा मोजायला कारखान्यात साधी सोय केली: पोटरीचा भाग लाकडी ठोकळ्यावर आवळून बाकाच्या शिकंजात, घोट्यापासून १५ सेंमी पुढं २ किलोचं वजन टांगलेलं, तळपट्टीवर मोबाइलचं कोन मोजणारं ॲप. इतका भार म्हणजे घोट्याभोवती वळवणारा जोर जवळपास ३ न्यूटन-मीटर. एएफओ फक्त २ अंश वाकला, म्हणजे अंशाला १.५. गरज किती होती? पाऊल शरीराच्या वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे मामाचं ९०० ग्रॅमच्या आसपास. त्याचा भार घोट्यापुढे ६ सेंमीवर धरला, भिजलेली चप्पल मिळवली, तरी ते उचलून धरायला पाऊण न्यूटन-मीटर पुरतं. मी गरजेपेक्षा खूप ताठ वस्तू करून बसले होते, कारण मोडलेलं स्प्लिंट पाहून मला फक्त मजबुती दिसत होती.

१६ जुलै

हा एएफओ तसाही बाद होणार, म्हणून चाचणीसाठी वापरला. घोट्यामागे दोन्ही बाजूंनी ३-३ मिमी कापायचं, कड घासायची, वजन टांगायचं, मामाला पाच पायऱ्या उतरवायच्या. आकडे असे आले: १.५, १.१, ०.८, ०.६. ०.८ वर मामा म्हणाला बरं आहे. ०.६ वर न बोलता तो खाली उतरून गोठ्यापर्यंत जाऊन आला. ०.६ धरलं.

२१ जुलै

पुन्हा प्लास्टर. या वेळी आधी ताईंना कुळागरात नेलं. विहीर, पाट, बांध, सगळं दाखवलं. प्रश्न सोपा होता: इथं चालताना पायात काय असणार?

अंगठ्याच्या चपलेत तळपट्टी बसत नाही. मागं पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल घालून पाहिली, पाटातला बारीक खडा प्लास्टिक आणि पाय यांच्यात अडकतो आणि मामाला तो कळत नाही. शेवटी ठरलं की तळच एएफओला शिवायचा. चप्पल आणि आधार एकच.

जयपूर फूट या कृत्रिम पायाची गोष्ट आम्ही दोघींनीही एकमेकींना त्या बांधावर उभं राहून सांगितली. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते पाऊल घडवलं, कारण त्या काळी मिळणारं परदेशी धर्तीचं पाऊल बुटात घालण्यासाठी होतं आणि इथला शेतकरी अनवाणी चालतो, पाण्यात उतरतो, उकिडवा बसतो. रबराचं पाऊल, पाणी लागलं तरी चालणारं, घोट्यात सगळ्या बाजूंनी वळणारं. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कृत्रिम पाय आणि एएफओ या वेगळ्या वस्तू आहेत, पण आधी जमीन पाहायची हे मी त्या गोष्टीतून घेतलं, जरा उशिरा.

माप सपाट घेतलं, पाऊल ३ अंश वर.

४ ऑगस्ट

दुसरा एएफओ. फोंड्याच्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांनी १२ मिमीचं रबर नायलॉनच्या दोऱ्याने तळपट्टीला शिवलं. त्यासाठी कडेने ३ मिमीची भोकं मी पाडून दिली होती. डाव्या चपलेचा तळही तितकाच जाड केला, नाहीतर कंबर तिरकी होते.

९ ऑगस्ट

पाच दिवसांत बोटांजवळच्या दोन भोकांतून चीर. तिथं तळपट्टी प्रत्येक पावलाला वाकते. वाकणाऱ्या जागी खाच किंवा भोक ठेवायची चूक मी जून महिन्यात दुसऱ्याच्या वस्तूत भिंगाने पाहिली होती. तिसऱ्या एएफओला शिवण टाचेभोवती आणि कमानीखालीच, बोटांखाली रबर मोकळं.

११ ऑगस्ट

तिसरा घालून मामा बोर्डो मिश्रण करायला बसला. पावसाळ्यात पोफळीवर कोळे रोग येतो, त्यावर मोरचूद आणि चुन्याचं हे फवारणं जुनं आहे. चुना पुरेसा पडला का हे पाहायला मामा कोयत्याचं टोक बुडवतो. पातं तांबूस झालं तर अजून चुना हवा. आज पातं तांबूस झालं आणि त्याच वेळी माझ्या लोखंडी रिव्हेटही. (नंतरची भर: आठवड्याने पट्ट्याभोवती गंजाचे ओघळ आले. सगळ्या रिव्हेट काढून तांब्याच्या घातल्या.) मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात करतात, धातूच्या भांड्यात नाही, हे लहानपणापासून पाहत आले आहे.

वेल्क्रोही गेला: हुकांत माती आणि सुपारीच्या सालीचे तंतू भरले की धरत नाही. त्याऐवजी नायलॉनचा पट्टा आणि शाळेच्या दप्तराला असतं तसं दाबून उघडायचं बकल.

२५ ऑगस्ट

आतलं ईव्हीए फोमचं अस्तर दुसऱ्यांदा सुटलं. पॉलिप्रॉपिलीनला गोंद चिकटतच नाही, तो पृष्ठभागावर पसरत नाही. आणि पावसाळी हवेत गोंदातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर न दिसणारं दव बसतं, मग दोन थर एकमेकांना धरत नाहीत. चाललेला उपाय असा: ६० नंबरच्या पेपरने खरबरीत करायचं, ज्योत वरून झरझर फिरवायची, गोंदाचा पातळ थर, तो वाळल्यावर दुसरा, मग दोन्ही बाजू हीट गनने कोमट करून दाबायच्या. फोम बंद छिद्रांचाच घ्या. आधीचा स्पंजासारखा फोम घाम पिऊन चार दिवसांत वास मारायला लागला होता.

८ सप्टेंबर

काल चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मामाचं घर भरलेलं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली, आणि मामा उंबऱ्याबाहेर उभा. एएफओला तळ शिवलेला, म्हणजे ती चप्पल झाली, ती घालून तो देवासमोर येणार नाही. काढून आला तर ओल्या कोबावर चवडा घासत, हातात आरतीचं ताट. मामीने त्याचा दंड धरला होता.

तीन महिने मी कुळागराचाच विचार करत होते. माणूस घरातही चालतो हे विसरले.

आज कारखाना बंद, तरी किल्ली मागून गेले. चीर गेलेला दुसरा एएफओ काढला, त्याचं रबर सोडवलं, तळपट्टी बोटांच्या मागे आखूड कापली, म्हणजे चिरांचा भागच गेला. नुसतं प्लास्टिक फरशीवर घसरतं म्हणून टाचेखाली पातळ रबराचा तुकडा शिवला. हा फक्त घरातला, कधीच उंबऱ्याबाहेर न जाणारा. विसर्जनाच्या आरतीला मामा त्यावर उभा राहिला. खाली पाटावर बसताना मात्र तो काढावाच लागतो, त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

२९ सप्टेंबर

पुन्हा मापं. ओसरीत १० मीटर, घरातला एएफओ घालून: १०.४ सेकंद. विहीर ते बांध ६० पावलं, तिसरा घालून: चवडा घासला २ वेळा, दोन्ही वेळा एकाच मुळावर. मामाने ते मूळ तोडायला नकार दिला, ते जायफळाचं आहे. शेवाळलेल्या जांभ्यावर अजून घसरतं, रबरात आडव्या खाचा पाडून थोडा फरक पडला, काठी सुटलेली नाही.

खर्च: शीटचे चार तुकडे ३,४०० रुपये, प्लास्टर आणि बँडेज १,१५०, पट्टे, बकल, रिव्हेट ६२०, रबर आणि शिवणकाम ७००, ताईंची फी २,४००. एकूण ८,२७०. भट्टी आणि पंप कारखान्याचे, मालकांनी पैसे घेतले नाहीत. पदेरानेही नाही. सोळा आठवडे लागले. पहिल्याच दिवशी मामाबरोबर बांधापर्यंत चालत गेले असते तर यातले निदान पाच वाचले असते.

१३ ऑक्टोबर

ताईंनी कातडी पाहिली, डाग नाही. घोट्यामागच्या वाकणाऱ्या जागी मी काळ्या मार्करने चौकट आखून दिली आहे. मामी दर रविवारी ती ओल्या फडक्याने पुसून पाहते. पांढरं दिसलं की फोन करायचा, मोडायची वाट पाहायची नाही. पॉझिटिव्ह जाड प्लास्टिकमध्ये बांधून मामाच्या माळ्यावर ठेवला आहे, चुलीच्या बरोबर वर, म्हणजे पुढच्या पावसात तो कोरडा मिळेल.